१ जूनचं ३१ मे कुठे होतं?

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत १ जूनला जन्मलेली माणसं ढिगाने सापडतात. कारण सर्वांना ठाऊक आहे. घरात जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये उघडायची आणि पोराला पटावर घ्यायचं तर वय भरलेलं लागायचं. मग गुरुजी अंदाजाने साल धरायचे, त्यापुढे ‘१ जून’ लिहायचे आणि मोकळे व्हायचे. नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यांवरही कागदोपत्री वाढदिवस असा एकाच दिवशी येणारे कितीतरी लोक आहेत. गुरुजींनी दिलेली ती तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गेली, तिथून आधार कार्डावर गेली आणि पक्की झाली.

आता हीच तारीख एखाद्या वेबसाइटच्या फॉर्ममध्ये भरायची आहे. सेवा केंद्रातला चालक १ जून १९८५ निवडतो, सबमिट दाबतो आणि पावती छापून येते तीवर ३१ मे १९८५! अर्जदाराला वाटतं चालकाने चूक केली. चालक म्हणतो सर्व्हरचा घोळ आहे. सर्व्हर सांभाळणारे म्हणतात, आमच्याकडे आलीच ती तारीख ३१ मे अशी.

घोळ झालेला असतो ब्राउझरच्या आत चालणाऱ्या प्रोग्राममध्ये. जावास्क्रिप्ट या भाषेत नुसती तारीख अशी चीज मुळात नव्हतीच. तिथे असतो तो काळातला एक क्षण. ‘१ जून’ म्हटलं की प्रोग्राम धरतो १ जूनची मध्यरात्र, तीही आपल्या घड्याळाप्रमाणे. सर्व्हरकडे पाठवताना तोच क्षण जागतिक वेळेत बदलला जातो. भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे त्या क्षणी जागतिक घड्याळात ३१ मेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. प्रोग्रामरला वेळ नको असते, तारीख हवी असते. तो वेळेचा भाग छाटतो आणि हातात ३१ मे उरतो. न्यूयॉर्कमध्ये बसून हा फॉर्म तपासणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही, कारण तिथली वेळ जागतिक वेळेच्या मागे असते.

हा झाला सगळ्या ब्राउझरांत सारखाच होणारा दोष. तो त्या मानाने सोपा, कारण कुठल्याही ब्राउझरात करून दाखवता येतो. खरी गंमत, आणि खरा वैताग, सुरू होतो तो एकच फॉर्म क्रोममध्ये नीट चालतो आणि सफारीत अडतो तेव्हा.

तारखेचाच रकाना घ्या. वेब पानावर ‘इथे तारीख हवी’ असं ब्राउझरला सांगण्याची सोय आहे. क्रोमने ती २०१२ मध्ये दिली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये, मॅकवरच्या सफारीने थेट २०२१ मध्ये. इंटरनेट एक्सप्लोररने शेवटपर्यंत दिलीच नाही. सोय नसलेला ब्राउझर कुरकूर करत नाही. कॅलेंडरऐवजी साधा लिहिण्याचा रकाना दाखवतो आणि गप्प बसतो. त्या रकान्यात आपल्याकडचा माणूस ०१/०६/१९८५ असंच लिहिणार. जावास्क्रिप्ट ते अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना मग दिवस असं वाचतं. झाली ६ जानेवारी! २५ जूनला जन्मलेल्याचं मात्र असं होत नाही. पंचविसावा महिना नसल्यामुळे प्रोग्राम तिथेच थांबतो आणि चूक लगेच कळते. बारा तारखेपर्यंत जन्मलेल्यांची तारीख मुकाट्याने बदलते, तेरापासून पुढच्यांचा फॉर्म अडतो. असा विचित्र नमुना तक्रारींत दिसला की मुरलेला प्रोग्रामर लगेच ओळखतो की दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे.

तारीख आणि वेळ मधे मोकळी जागा सोडून लिहिली तर क्रोम ती समजून घ्यायचा, पण सफारीच्या जुन्या आवृत्त्या ‘अवैध तारीख’ म्हणून हात वर करायच्या. वेळेला टाइम झोन जोडलेला नसेल तर ती जागतिक धरायची की स्थानिक, यावर जावास्क्रिप्टच्या प्रमाणग्रंथानेच मत बदललं. २००९ च्या आवृत्तीत एक, २०१५ च्या आवृत्तीत दुसरं. मधल्या काळात ब्राउझरांनी आपापल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावला. त्या वर्षांत लिहिलेले फॉर्म आजही चालू आहेत.

असं का होतं हे कळायला नवापूरचं रेल्वे स्टेशन बघावं. या स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातमध्ये आहे. फलाट एक, गाडी एक, बाकही एकच, पण बाकाच्या या टोकाला एका राज्याचे कायदे आणि त्या टोकाला दुसऱ्याचे. वेब पान असंच एक असतं आणि ते ज्या ब्राउझरात उघडतं त्याच्या नियमांनी वागतं. ब्राउझरच्या पोटात एक इंजिन असतं. ते पानाचा मजकूर वाचतं, मांडणी करतं आणि बटणांना हालचाल देतं. आज तीन मोठी इंजिनं शिल्लक आहेत. क्रोम, एज, ऑपेरा यांच्यात ब्लिंक, फायरफॉक्समध्ये गेको आणि सफारीत वेबकिट. ब्लिंक स्वतः २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालं. आयफोनवर आणखी एक फसगत आहे. तिथे क्रोमचं चिन्ह असलं तरी ॲपलच्या नियमामुळे आत वेबकिटच असतं. युरोपीय संघातल्या कायद्याने २०२४ मध्ये तेवढ्या भागापुरती ही सक्ती सैल झाली. ‘क्रोममध्ये चालतं, पण माझ्या आयफोनच्या क्रोममध्ये चालत नाही’ ही तक्रार म्हणून खोटी नसते.

नंदुरबारला या सगळ्याशी काय देणंघेणं? पुष्कळ. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्यानंतरच्या वर्षांत दाखले, शिष्यवृत्ती, सातबारा, पीकविमा असं बरंच काही एकेक करून ब्राउझरच्या खिडकीत आलं. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आदिवासीबहुल. इथल्या कितीतरी कुटुंबांना शिक्षणाची प्रत्येक पायरी चढताना जातीचा दाखला लागतो. अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरातून माणूस खाली उतरून येतो तो दिवसाची मजुरी बुडवून. त्याच्यासमोर पान अर्धवट उघडलं आणि केंद्रातल्या पोराने अहिराणीत ‘सर्व्हर बंद शे’ सांगितलं, की तो दिवस गेला. ‘सर्व्हर बंद’ या दोन शब्दांखाली किती वेगवेगळे रोग झाकले जातात याला गणती नाही.

त्यातला एक रोग जवळून बघू. २०१७ मध्ये दीड हजार रुपये अनामत घेऊन जिओफोन बाजारात आला. बटणांचा, साधा, पण इंटरनेट चालणारा. त्याची काय-ओएस ही प्रणाली फायरफॉक्स ओएसपासून निघालेली आणि तिच्यातलं इंजिन गेको ४८, म्हणजे २०१६ सालचं. फोन विकत घेणाऱ्याला ते कळण्याचं कारण नव्हतं आणि फोनमधलं इंजिन संगणकावरच्या फायरफॉक्ससारखं पुढे सरकत गेलं नाही. इकडे प्रोग्रामर मंडळी ‘असिंक’ नावाची नवी सोय सर्रास वापरू लागली. ती फायरफॉक्सने ५२ व्या आवृत्तीत, मार्च २०१७ मध्ये आणली होती. चार आवृत्त्यांचं अंतर! पण ते जीवघेणं ठरतं, कारण जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये इंजिनाला न कळणारी एक रचना आली तरी ते सगळी फाइल टाकून देतं. त्या ओळीपर्यंतचंही चालवत नाही. आजची बरीच पानं मुळात त्या फाइलनेच उभी केलेली असतात, त्यामुळे जिओफोनवर दिसतो तो कोरा पांढरा पडदा. चूक सांगणारा संदेश नाही, फिरणारं चक्र नाही, काही नाही. नेटवर्क पूर्ण, सर्व्हर ठणठणीत आणि माणूस मात्र फोन उंच धरून रेंज शोधतोय.

मराठी वाचकांना या प्रकाराची सवय मात्र फार जुनी आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर प्रत्येकाचा फाँट वेगळा असायचा. वाचकाने फाँट उतरवून घ्यायचा किंवा पानानेच तो बरोबर पाठवायचा. पानाबरोबर फाँट पाठवण्याचे दोन मार्ग होते, एक इंटरनेट एक्सप्लोररचा आणि दुसरा नेटस्केपचा. दोघांचं एकमेकांना कळत नसे. नेटस्केप मागे पडल्यावर एक्सप्लोररचाच मार्ग उरला आणि फायरफॉक्स वापरणाऱ्याला बातमीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसू लागला. त्यावर ‘पद्म’ नावाचं एक जोडसाधन निघालं. ते फायरफॉक्समध्ये बसवलं की कचऱ्याचं युनिकोड मराठी होत असे. पुढे साधे मोबाइल आले. त्यांना देवनागरीची जुळणी जमेना, वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला पडायची, नाहीतर नुसते चौकोन दिसायचे. तेव्हा ऑपेरा मिनीच्या लपलेल्या सेटिंगमध्ये शिरून अवघड लिप्या चित्ररूपात दाखवण्याचा पर्याय चालू करायचा, ही युक्ती कॉलेजच्या पोरांत तोंडोतोंडी पसरली होती. ऑपेराचा सर्व्हरच मग मराठी मजकुराचं चित्र करून पाठवायचा. ब्राउझरमधली अडचण ओळखून तिला वळसा घालणं हे काम तेव्हा कॉमर्सचा विद्यार्थीसुद्धा बिनदिक्कत करत होता.

आज अक्षरं बहुतेक ठिकाणी नीट दिसतात, पण ती सारखी दिसतात म्हणून सारखी असतात असं नाही. ‘वऱ्हाड’ किंवा ‘कऱ्हाड’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात वेगळं, टिंब दिलेलं र आणि हलन्त असतं. दुसऱ्यात साधं र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर फरक शून्य. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून एका कळफलकावर भरलेलं आडनाव दुसऱ्या कळफलकावरून शोधलं की ‘नोंद आढळली नाही’. अंकांचंही तसंच. ‘इथे फक्त अंक चालतील’ ही अट जावास्क्रिप्टमध्ये नेहमीच्या पद्धतीने लिहिली तर तिला इंग्रजी शून्य ते नऊ तेवढेच अंक दिसतात. मराठी कळफलक चालू राहिला आणि मोबाइल नंबर देवनागरीत उमटला, की दहाच्या दहा अंक बरोबर असूनही फॉर्म म्हणतो, कृपया वैध क्रमांक भरा. पायथन भाषेत हीच अट देवनागरी अंकांना आनंदाने आत घेते. समोरचं दार बंद आणि मागचं उघडं, असा कारभार एकाच अर्जात चालू शकतो.

उलट बाजूनेही हा प्रश्न येतो. ब्राउझरला ‘तारीख मराठीत दाखव’ म्हटलं तर तो अंकही देवनागरीत देतो. हिंदीत म्हटलं तर इंग्रजी अंक. हिंदीसाठी तपासून घेतलेला फॉर्म म्हणून मराठीत मोडू शकतो. दाखवलेली तारीख पुन्हा वाचून हिशेब करायला गेलं की जावास्क्रिप्टला ‘१५’ ही संख्याच वाटत नाही.

सरकारी संकेतस्थळांची कथा थोडी वेगळी आणि, खरं सांगायचं तर, थोडी स्वतःहून ओढवून घेतलेली. ‘हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरच्या तमुक आवृत्तीत उत्तम दिसेल’ ही तळटीप एके काळी जवळपास प्रत्येक पानाखाली असायची. डिजिटल सही करण्यासाठी, विशेषतः ई-निविदा भरताना, ब्राउझरच्या आत जावाचा एक छोटा प्रोग्राम चालावा लागे. सुरक्षेच्या कारणाने क्रोमने असे प्रोग्राम सप्टेंबर २०१५ मध्ये कायमचे बंद केले, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. उरला इंटरनेट एक्सप्लोरर. मग निविदा भरून देणाऱ्यांकडे एक वेगळा लॅपटॉप दिसू लागला, जुना एक्सप्लोरर आणि जावाची एक ठरावीक आवृत्ती असलेला. त्याला कुणी अपडेट करायचं नाही अशी तंबी असे. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररचा आधार काढून घेतला. अशा पानांसाठी एजमध्ये एक जुनाट अवतार ठेवला आहे आणि तो निदान २०२९ पर्यंत राहील असं कंपनीने सांगितलं आहे.

एक प्रसंग तर असा घडला की ब्राउझर बदलला की सुरक्षिततेचा निकालच बदलत होता. जुलै २०१४ मध्ये उघड झालं की राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र विभागाकडून गूगलच्या नावाने खोटी प्रमाणपत्रं निघाली आहेत. ‘ही साइट खरी’ अशी ग्वाही देणारे दाखले म्हणजे ही प्रमाणपत्रं. भारताचं मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू यादीत होतं, त्यामुळे विंडोजवर त्या यादीवर विसंबणाऱ्या प्रोग्रामांना तो धोका होता. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो आणि तीत भारताचं मूळ प्रमाणपत्र नव्हतंच. म्हणजे त्याआधी त्या साखळीवरची भारतीय संकेतस्थळं फायरफॉक्समध्ये उघडताना जी धोक्याची सूचना येत असे, तीच त्या आठवड्यात ढालीसारखी कामाला आली.

प्रमाणपत्रांशी जोडलेला एक बनावट रोगही सांगायला हवा, कारण लोडशेडिंगच्या भागात तो हमखास भेटतो. संगणकाच्या मदरबोर्डवरचा गोल सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. ब्राउझर बघतो, प्रमाणपत्र तर अजून सुरूच व्हायचं आहे, आणि एकजात सगळी सुरक्षित संकेतस्थळं नाकारतो. हा दोष साइटचाही नाही आणि ब्राउझरचाही नाही. नवा सेल टाकला की मिटतो.

म्हणून दोष शोधताना पहिली पायरी असते ती काय नाही हे ठरवण्याची. तोच फॉर्म त्याच संगणकावर दुसऱ्या ब्राउझरमध्ये चालतो का? इन्कॉग्निटो खिडकीत चालतो का? चालला तर बहुधा जुनी साठवलेली फाइल किंवा एखादं जोडसाधन आडवं येतंय. तरीही अडलं की एफ१२ दाबायचं. खाली किंवा बाजूला जी खिडकी उघडते तिच्यातल्या ‘कन्सोल’ भागात लाल ओळी असतात. कोणती फाइल, कितवी ओळ, काय समजलं नाही हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. शेजारच्या ‘नेटवर्क’ भागात कोणती फाइल अर्ध्यावर तुटली तेही दिसतं. डोंगराळ भागात हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण तुटलेली फाइल आणि न समजलेली फाइल वरून सारख्याच दिसतात. अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडून, यूएसबी डीबगिंग चालू करून, फोनमधल्या पानाचा हाच कन्सोल संगणकावर बघता येतो. आयफोनसाठी मॅक लागतो, आणि तो तालुक्याच्या गावी कुणाकडे असणार?

ही अडचण मुंबईतल्या दोघांनी धंद्यात बदलली. आयआयटी मुंबईचे रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी २०११ मध्ये ब्राउझरस्टॅक सुरू केलं. तेव्हा एखादं पान एक्सप्लोररच्या सहाव्या, सातव्या, आठव्या आवृत्तीत तपासायचं तर तितके संगणक किंवा त्यांची आभासी नक्कल ठेवावी लागे. सहावी आवृत्ती तर इतकी छळणारी की तिचा वापर संपवण्याची मोहीम खुद्द मायक्रोसॉफ्टने चालवली. ब्राउझरस्टॅकने हे सगळे ब्राउझर, आणि पुढे हजारो खरे फोन, आपल्या केंद्रांत ठेवले आणि ते कुठूनही चालवायला भाड्याने दिले. जेक्वेरीसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाची चाचणी तिथे होऊ लागली. २०२१ मध्ये या कंपनीचं मूल्यांकन ४ अब्ज डॉलर झालं. ब्राउझर एकमेकांशी पटवून घेत नाहीत, या एका गोष्टीवर उभा राहिलेला एवढा मोठा मराठी मुलखातला उद्योग दुसरा नसावा.

पण कोणता फोन तपासायचा हे आधी कळायला हवं. ‘साइट चालत नाही’ एवढ्यावर पुण्या-मुंबईचा प्रोग्रामर काही करू शकत नाही, त्याच्याकडे ती चालतेच. त्याला उपयोगी पडेल असा निरोप साधारण असा असतो: ‘अँड्रॉइड ८ चा फोन, क्रोम ७८, पुढे जा हे बटण दाबल्यावर काहीच होत नाही, दुसऱ्या फोनवर होतं, कन्सोलच्या लाल ओळीत अनएक्स्पेक्टेड टोकन असं आहे.’ एवढं वाचलं की त्याचं अर्धं काम होतं. प्रश्नचिन्हापुढे टिंब देऊन लिहायची जावास्क्रिप्टची एक नवी रचना क्रोमने ८० व्या आवृत्तीत, २०२० मध्ये आणली. फोनमध्ये जागा नाही म्हणून क्रोम अपडेट न झालेल्या माणसाकडे ती अडते. नवी रचना जुन्या भाषेत उतरवून देणारी बाबेलसारखी साधनं आहेत, त्यांच्या सेटिंगमध्ये जुन्या आवृत्त्यांचं नाव घातलं की प्रश्न सुटतो.

ब्राउझर आपली माहिती स्वतःच सर्व्हरला सांगत नाही का? सांगतो, पण ती ओळख पहिल्यापासूनच बेभरवशाची. जुन्या साइटींनी दार बंद करू नये म्हणून क्रोम, सफारी, एज सगळेच आजही आपण मोझिला असल्याचं सांगत सुरुवात करतात. त्यात वापरणाऱ्याचा माग काढता येऊ नये म्हणून २०२३ पासून अँड्रॉइडवरचा क्रोम प्रत्येक फोनची ओळख एकच देतो: अँड्रॉइड १० आणि मॉडेल ‘के’. धडगावच्या बाजारात घेतलेला सहा वर्षांचा फोन आणि मुंबईतला कालचा महागडा फोन सर्व्हरच्या त्या नोंदीत आता एकाच नावाने उतरतात. फोन कोणता आणि त्यावर अँड्रॉइड कितवं, हे त्या नोंदीतून कळत नाही. तो हातात धरलेल्या माणसाला विचारलेलं बरं.